दोनशेवरचे आवाज

सेटर कुणाशीही बोलताना त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायचा नाही, तोंडाकडे बघायचा. नवा माणूस त्यामुळे पार अवघडून जाई. मी कंपनीत लागलो त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, नाश्त्याच्या पोह्यातली कोथिंबीर माझ्या दातात अडकलेली असणार. दोनदा जाऊन आरशात दात बघून आलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा त्यानंच काळजीनं विचारलं, "क्वालिटी, पोट बिघडलंय का काय रे तुजं?"

त्याचं खरं नाव हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, शालनवहिनींना. बाकी सगळ्या दुनियेला तो सेटर. चाकणच्या आमच्या कंपनीत पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर दाबून काढतात. प्रेसमध्ये डाय, म्हणजे पोलादी साचा, चढवायची, ती केसभर हलणार नाही अशी बसवायची आणि पहिला पीस काढून क्वालिटीच्या माणसासमोर धरायचा, हे सेटरचं काम. तो पीस मोजून त्यावर ओकेचं हिरवं लेबल लावायचं, दुरुस्तीचं पिवळं, की रिजेक्टचं लाल, हे माझं काम. म्हणून मी क्वालिटी. पाच वर्षांत त्यानं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. दिवसातून आठदहा वेळा तेलकट हातात पीस धरून तो समोर उभा राहायचा, माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि मी "ओके" म्हटलं की पेढा मिळाल्यासारखा परत जायचा.

आम्ही दोघेही कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी आम्हाला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या कार्डावर नवे म्हणून घ्यायचे. सेटर म्हणायचा, "आपलं वय वाढतच न्हाई राव. कायम अकरा म्हयन्याचं बाळ." आम्ही हसायचो, पण त्या एका दिवशी कुणीच फोन हातातून खाली ठेवत नसे, कारण दुसऱ्या दिवशी यादीत नाव नसलं तर विचारायला जागा नव्हती. मोशीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो, तो तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आणि मी खाली एका खोलीत. बस, प्रेस, बस, जिना. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टीसुद्धा गुरुवारची. बाकीचं जग रविवारी लग्नं लावतं, बारशी करतं, आणि आम्ही त्या वेळी पत्रा दाबत असतो. गुरुवारी आम्ही मोकळे होतो तेव्हा भेटायला कुणीच मोकळं नसतं. मग आमच्यासारखेच गुरुवारवाले आम्ही चौघं जमलो: सेटर, मी, देहूरोडचा विशाल आणि रावेतचा अमोल. दर गुरुवारी दुपारी जेवणं उरकून चौघं आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढं बसायचो आणि एका टीमनं बंदुकांचा गेम खेळायचो.

खेळायचो म्हणजे तिघं खेळायचो. सेटर हा गेममधला अत्यंत टुकार गडी. पण गेम खेळताना एकमेकांशी बोलायचं जे सॉफ्टवेअर असतं ना, त्याच्यापुढं तो बसला की बघत राहावं. कानावर हेडफोन, तोंडापुढं माइक, आणि पडद्यावर टीममधल्या सगळ्यांच्या नावांची यादी. सेटर ते डाय बसवावी तसं बसवायचा. आधी कुठला माइक घ्यायचा ते ठरवायचं. मग आवाजाची पट्टी कुठे पिवळी होते आणि कुठे हिरवी, तिथली रेघ नेमकी पकडायची. पंख्याची घरघर कापायची, पण माणसाचा श्वास कापायचा नाही. स्पीकर लावून बसलेल्याला शिव्या घालून हेडफोन लावायला सांगायचं, नाहीतर प्रत्येक वाक्य प्रतिध्वनी होऊन परत येतं. हे सगळं त्यानं बॉलपेननं एका कागदावर उतरवून, वर 'सेटिंग शीट' असं लिहून, मॉनिटरच्या कडेला चिकटवलं होतं. खाली 'तपासणार' म्हणून माझी सहीसुद्धा घेतली होती.

फोनवरून सांगून काम भागवणं त्याला मान्य नव्हतं. "हात लागल्याबिगर सेटिंग होत न्हाई," हे त्याचं ब्रीद. एका गुरुवारी स्कूटर काढून, मला मागं बसवून, तो आधी देहूरोडला गेला आणि मग रावेतला. विशालच्या घरी त्याच्या आईनं विचारलं, "काय बिघडलंय बाळा?" सेटर तिच्या तोंडाकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "काय न्हाई मावशी, तुमच्या पोराचा आवाज सेट करायचाय. लई बारीक येतो." ती माउली म्हणाली, "घरात तर छत उडवतो मेला." चहा झाला, पोहे झाले, आणि विशाल खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात "एक दोन तीन, एक दोन तीन" करत फिरला. सेटर हेडफोन लावून डोळे मिटून ऐकत होता. पट्टी हिरवी झाली तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "पयला पीस. बोल." मी म्हटलं, "ओके." तेव्हाच आम्ही उठलो.

त्या सॉफ्टवेअरमध्ये खाली दोन बटणं होती. एक दाबलं की आपला आवाज दुसऱ्यांना जात नाही, दुसरं दाबलं की दुसऱ्यांचा आपल्याला येत नाही. सेटरनं त्यांचं बारसं करून टाकलं होतं. एक मुकं बटण आणि एक बहिरं. "मुकं दाबलं तर कान चालू ऱ्हात्यात," तो आम्हाला शिकवायचा, "पर बहिरं दाबलं की मुकं आपोआप दाबलं जातंय. नावापुढं दोनी लाल फुल्या येत्यात, बगा." अमोलनं विचारलं, असं का?  सेटर म्हणाला, "ज्यानं बनवलं त्याला माणूस ठावं हाय." आम्हाला तो विनोद वाटला.

घरातसुद्धा त्यानं तेच करून ठेवलं होतं. शालनवहिनींच्या फोनमध्ये ते सॉफ्टवेअर घातलं, त्यांचं नाव यादीत चढवलं आणि वहिनी स्वयंपाकघरातून त्यावर बोलायला लागल्या. दोन खोल्यांचं घर, मधे पडदा. आमची लढाई ऐन रंगात आलेली असायची, आणि चौघांच्या कानात एकदम वहिनींचा आवाज यायचा, "अहो, कणीक संपली." विशाल ओरडायचा, "वहिनी, गोळ्या चालल्यात इथं!" वहिनी शांतपणे म्हणायच्या, "चालू देत भावजी. येताना कणीक आणायला सांगा." इमारतीतल्या बायका हसायच्या, नवराबायकोला बोलायला मशीन लागतं म्हणून. मीही हसलो आहे. त्याची लाज मला अजून वाटते.

कारण खरं काय ते मला एका गुरुवारी कळलं, आणि तेही माझ्या आगाऊपणामुळं. गेम सुरू व्हायला वेळ होता, मी वर त्याच्या घरी गेलो होतो आणि तो खाली दूध आणायला उतरला होता. मी त्याच्या खुर्चीत बसून हेडफोन डोक्यावर चढवला. विशालनं पलीकडून नुसतं "आला का?" म्हटलं, आणि माझ्या कानात सुरुंग फुटल्यासारखं झालं. हेडफोन ओरबाडून काढला आणि यादी बघितली. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माणसाचा आवाज आपल्यापुरता वेगळा कमीजास्त करता येतो; शंभर म्हणजे नेहमीचा. विशाल दोनशेवर, अमोल दोनशेवर, मी दोनशेवर, वहिनी दोनशेवर. त्याच्या पुढं पट्टीच नव्हती. मला वाटलं, गड्याचा हात चुकून लागला असेल. मी क्वालिटीचा माणूस, चूक दिसली की हात शिवशिवतात. सगळे आवाज शंभरवर आणून ठेवले, आणि त्याला सांगायचं विसरून खाली माझ्या खोलीत येऊन खेळायला बसलो.

त्या दिवशी सेटर भर मैदानात नुसता उभा राहिला. मागून एकजण त्याच्यावर चालून येत होता. आम्ही तिघं घसा फोडून ओरडत होतो, "मागं बघ, सेटर, मागं!" तो हलला नाही. गोळी लागून पडला. मग त्याचा आवाज आला, आणि तो आवाज मी कधी विसरणार नाही. लहान मूल जत्रेत हरवल्यावर बोलतं तसा तो म्हणाला, "आरं, तुमी बोलत का न्हाई कुणी?"

मी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो. तोवर त्यानं यादी उघडली होती, शंभरचे आकडे बघितले होते. दारात मला बघून त्यानं एकेक पट्टी पुन्हा दोनशेवर नेली.

"कळलं?" त्यानं विचारलं.

"कळलं," मी म्हणालो, तोंड नीट उघडून.

"कुणाला सांगू नगं."

बावीस वर्षं प्रेसजवळ उभं राहून त्याचे कान गेले होते. प्रेसशॉपमध्ये हे लपवणं सोपं होतं, कारण तिथं कुणालाच कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालतो. मूठ दाखवली की थांब, बोट फिरवलं की हळूहळू खाली घे, पंजा उघडला की मागं हो. तिथं सेटर राजा होता. अडचण व्हायची ती शांत ठिकाणी, लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, स्वतःच्या घरात. कानात घालायचं यंत्र का घेत नाहीस, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ठेकेदाराला कानातलं दिसंल. बहिरा सेटर कोण ठेवील?"  गावाकडं थोरला भाऊ, त्याचंच कसंबसं भागत होतं. इथं राहायचं तर प्रेस, आणि प्रेसवर राहायचं तर कान आहेत असं दाखवायचं. तो अडकला होता, आणि त्यानं ते मला सांगितल्यामुळं आता मीही अडकलो.

याआधी तो डायमध्ये वाकायचा तेव्हा मी माझ्या टेबलावर पीस मोजत असायचो. आता मला मोजणं जमेना. तो वाकला की माझी नजर तिकडं; प्रेस अवचित खाली आली की बोटं जातात. एकदा क्रेन वरून डाय घेऊन येत होती. तिचा भोंगा सगळ्या शॉपभर वाजत होता, माणसं बाजूला होत होती आणि सेटर क्रेनकडं पाठ करून, गुडघ्यावर बसून बोल्ट आवळत होता. भोंगा वाजतोय म्हणजे माणूस हटणार, या हिशेबानं क्रेनवाला येतच राहिला. मी धावत जाऊन त्याची कॉलर धरून त्याला मागं खेचलं. आम्ही दोघंही तेलात आडवे झालो. तो आधी चिडला, मग वर टांगलेली डाय बघितली आणि माझ्या खांद्यावरचं तेल पुसायला लागला. "शर्ट खराब झाला की रे तुजा," एवढंच म्हणाला. 

त्यानंतर महिन्याभरात कानांची तपासणी करणारी गाडी कंपनीत आली. ती वर्षातून एकदा येते. गाडीत एक बंद डबा असतो, त्याला समोर काच. आत बसून हेडफोन लावायचा, हातात बटण धरायचं आणि बारीकसा आवाज आला की दाबायचं. चार वर्षं सेटर या तपासणीत डोळ्यांनी पास झाला होता. बाहेर बसलेल्या माणसाचं बोट मशीनवर दाबलं जाताना काचेतून दिसलं की हा आत बटण दाबायचा. पण या वेळी गाडीबरोबर नव्या बाई आल्या होत्या, आणि त्या मशीनपुढं फाइल उभी करून बसत होत्या. सकाळीच बघून आलेला सेटर माझ्या टेबलाशी आला.

"माज्या मागचा नंबर तू लाव," तो म्हणाला. "बाईच्या मागं हुबा ऱ्हा. त्यांनी आवाज सोडला की मशीनवर दिवा लागतो, तुला दिसंल. दिवा लागला की तू नुसतं तोंडानं ओके म्हण. आवाज नगं. मी तुज्या तोंडाकडं बगतो."

मी हो म्हणालो. हे मी लपवणार नाही, मी हो म्हणालो होतो.

तो डब्यात गेला. दार बंद झालं. हेडफोन चढवून, बटण अंगठ्याखाली धरून त्यानं काचेतून माझ्या तोंडाकडं बघितलं, रोज पहिला पीस दाखवताना बघायचा अगदी तसंच. दिवा लागला. माझ्या डोळ्यांपुढं ती वर टांगलेली डाय आली. मी ओठ मिटून ठेवले. दिवा विझला, पुन्हा लागला. त्याला वाटलं, माझ्या लक्षात आलं नाही. त्यानं भुवई उंचावून मला खूण केली. तिसऱ्यांदा लागला. मी ओठ इतके आवळले होते की दात रुतले. तेव्हा तो जरासा हसला, अंगठा बटणावरून काढला आणि डोळे मिटून घेतले. त्या डब्यात तो तसाच बसून राहिला, बाईंनी दार उघडेपर्यंत.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "लाल लेबल लावलंस."

बाईंनी माझा नंबर पुकारला. मी डब्याकडं वळलो तसा तो मागून म्हणाला,

"पिवळं तरी लावायचं व्हतं, भावा."

मी बरोबर केलं की चूक, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता प्रश्नच गुळगुळीत झाला आहे. मला त्याचे हात शाबूत हवे होते. पण त्यासाठी मी त्याची भाकरी काढून घेतली, हेही तितकंच खरं. त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं. अकरा महिने भरले तेव्हा नव्या यादीत त्याचं नाव नव्हतं. सामान टेंपोत चढवायला मी गेलो. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही केलं ते बरं का वाईट, ते मला विचारू नका. मला दोन्ही वाटतं." सेटरनं कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून स्वतः मांडीवर घेतला. मला हात दाखवला, पंजा उघडून. मागं हो. टेंपो निघाला आणि मी मागं झालो.

तो राजगुरुनगरच्याही पुढं, डोंगराकडं त्याच्या गावी गेला. वहिनींचा अधूनमधून फोन यायचा. कानाचं यंत्र लावून बघितलं, नुसती शिट्टी वाजते म्हणाल्या. आमचा गुरुवारचा खेळ चालू होता, म्हणजे आम्ही बसायचो, कुणी फारसं बोलायचं नाही. यादीत त्याचं नाव करड्या रंगात तसंच होतं. ते काढायचं कुणी नावही काढलं नाही.

सातआठ महिन्यांनी एका गुरुवारी दुपारी ते नाव एकदम हिरवं झालं. सेटर आत आला होता. नावापुढं दोन्ही लाल फुल्या होत्या, मुकं आणि बहिरं. आम्ही तिघंही खेळायचं थांबलो. अमोल म्हणाला, "चुकून दाबलं गेलं असेल." मला माहीत होतं, सेटिंगमध्ये सेटरचं चुकून काही होत नाही. इतकी वर्षं जे त्यानं लपवलं, ते तो आता नावापुढं लावून आमच्यात येऊन बसला होता.

थोड्या वेळानं लाल फुल्या गेल्या आणि त्याचा आवाज आला. फार मोठा, सपाट, शब्दांच्या कडा झिजलेला. स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नसलं की आवाज असा होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"क्वालिटी, हाईस का? मला आता दोनशेवरबी काय येत न्हाई. वळीनं दहाबी बोटं हायती मातूर, मोजली आत्ताच. माजा आवाज कसा येतोय? पट्टी हिरवी दिसती, पर खरं तू सांग. लिवून सांग."

 मला पडदा नीट दिसेना. मी एक शब्द लिहिला आणि पाठवला: ओके.

"ओके म्हंतोय गं!" तो वहिनींना ओरडून म्हणाला. मग दोन्ही लाल फुल्या पुन्हा उमटल्या आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. आम्ही खेळत राहिलो.

आता तो दर गुरुवारी येतो, एकदाच बोलतो, तेच विचारतो. त्याचा आवाज आठवड्यागणिक वाकडा होत चालला आहे, काही शब्द आता मला अंदाजानं घ्यावे लागतात. मापाला लावला तर तो बसणार नाही. मी ओके लिहितो. मी मोजत नाही.